गुडघ्यांसाठी दोन चमचे

“ऑस्टिओआर्थ्रायटिस,” संगमनेरच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून सांगितलं. “म्हणजे सांध्यांची झीज. दोन्ही गुडघे.”

माझी बायको कांता हिने एकच विचारलं, “उकिडवं बसून धार काढाया जमंल ना?” आमच्या दोन गायी. तीस वर्षं धार तिच्याच हातची. दुसऱ्याचा हात लागला की थोरली गाय पान्हा चोरते.

“उकिडवं नको, स्टुलावर बसा. मांडीचे व्यायाम रोज करा. शुगर काठावर आहे, वजन उतरवा,” डॉक्टर म्हणाले. “मन लावून केलंत तर ऑपरेशन लांबवता येईल.”

मी दूध शीतकरण केंद्रात तपासणीला आहे, त्यामुळे खोदून विचारायची खोड. झीज का होते, विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं, कार्टिलेज म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी. ती सांभाळणाऱ्या पेशींच्या अंगावर साखरेच्या बारीक साखळ्या असतात, त्यांना ग्लायकॅन म्हणतात. “चहातली साखर नव्हे बरं का. या आजारात त्या साखळ्या बदलतात, काही प्रथिनं त्यांना चिकटतात आणि पेशी आपलीच गादी पोखरणारे पदार्थ सोडायला लागतात. संशोधन चालू आहे. त्यावरचं औषध अजून हातात नाही.”

शेवटचं वाक्य मी सोडून दिलं आणि बाकीचं महिनाभर गावात सांगत फिरलो. अर्धवट शहाणपणासारखी घाण दुसरी नाही.

मग गावातल्या शाळेत गुडघेदुखीचं शिबीर भरलं. पांढरा कोट, हातात प्लास्टिकचा गुडघा, चेहऱ्यावर तेलकट हसू. “पेशींवरची झडलेली साखर भरून काढणारी पावडर,” तो माणूस सांगत होता. डॉक्टरांचेच शब्द! मी डबे उचलले. “व्यायाम बंद ठेवा, नवी गादी घासली जाईल,” तो म्हणाला. तेही ऐकलं.

सकाळ-संध्याकाळ दोन मोठे चमचे, कोमट दुधातून. मी स्वतःच्या हाताने कालवायचो, कांता मुकाट पेला रिकामा करायची. असं चार महिने चाललं. मांड्या वाळल्या. भिंत धरल्याशिवाय तिला उठता येईना. धार शेजारीण काढायला लागली आणि थोरली गाय आटत चालली. कांता लांबून बघत बसायची.

पुन्हा दवाखाना. जिन्याच्या कोपऱ्यात पिचकाऱ्या, भिंतीवर तेला-लेपांच्या जाहिराती. दोन तास ते बघत बसलो. डॉक्टरांनी मांडी दाबून पाहिली. “व्यायाम कुणी बंद केला?” “मीच,” मी म्हणालो. रक्ताचा रिपोर्ट आला, तर शुगर बरीच चढलेली.

“गोड काय खाता?”

“काईच न्हाई. चा बी बिनसाखरंचा,” कांता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पावडरीचा डबा केंद्रात नेला. पाणी घातलेलं दूध घट्ट दाखवायला लोक त्यात साखर मिसळतात. ते पकडायची आमची रीत साधी आहे: नळीत दूध, आम्ल आणि रिसॉर्सिनॉल नावाची पूड घालायची आणि नळी उकळत्या पाण्यात धरायची. लाल झालं की साखर. मी दुधाऐवजी पावडरीचं पाणी घातलं. बघता बघता नळी डाळिंबासारखी लाल झाली.

त्या माणसाचा फोन बंद होता. उरलेला डबा उकिरड्यावर ओतला, त्यावर दोन दिवस मुंग्यांची जत्रा होती. त्या माणसाची शिसारी आलीच, पण माझी मला जास्त आली. बावीस वर्षांत दुधाचं एकही कॅन तपासल्याशिवाय आत घेतलं नाही, सख्ख्या मेव्हण्याचंही परत पाठवलं. घरातला डबा मात्र चार महिने रोज उघडला, पण चिमूटभर चाखलासुद्धा नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तुमच्या घरी कुणाचे गुडघे दुखत असतील तर एवढं ऐका. पेशींवरच्या साखरेच्या नावाने कुणी डबा पुढे केला, तर तो आधी आपल्या डॉक्टरांसमोर ठेवा. आणि मांडीचा व्यायाम सोडू नका: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती गुडघ्याने दाबायची, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. आमच्या डॉक्टरांनी न चिडता, स्वतः आडवं होऊन हे कांताला दाखवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

कांताला मात्र मी खरं सांगितलं नव्हतं. ‘पावडर संपली’ एवढंच म्हणालो होतो. सहा महिने ती टॉवेल दाबत राहिली. शुगर उतरली. परवा स्वतः धार काढून झाल्यावर ती भिंतीला हात न लावता स्टुलावरून उठली, तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, “कांता, ती पावडर म्हणजे नुसती साखर होती गं.”

तिने चरवी खाली ठेवली. “मला पयल्या घोटालाच गोड लागली हुती.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमी समद्या तालुक्याचं दूध तपासनारं मानूस,” ती म्हणाली. “म्हनलं, तपासूनच देत आसाल.”