दशरथआप्पांची निळी नदी

दशरथआप्पा माझ्या वर्गाला येताना कधी ब्रश विसरत, कधी चष्मा. बरणी मात्र कधी विसरले नाहीत. लोणच्याची काचेची बरणी, आणि तिच्यात दौंडच्या घाटावरून भरून आणलेलं भीमेचं पाणी. मी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली बाई. रविवारी सकाळी ओसरीवर हौशी मंडळींना जलरंग शिकवायची. आप्पांनी झाकण उघडलं की बाकीच्या बायका नाकाला पदर लावत. पहिल्याच दिवशी मी म्हणाले, "आप्पा, नळाला पाणी आहे की."

"हाय की. पर चित्र नदीचं हाय. ज्याचं चित्र, त्याचंच पाणी."

मी कपाळाला हात लावला. स्वच्छ पाणी हा जलरंगाचा पहिला धडा, आणि हे गृहस्थ त्याच्यावरच बोळा फिरवायला निघालेले. त्या पाण्यात निळा रंग कालवला की तो मातकट हिरवा व्हायचा. वाळल्यावर कागदावर तेलकट कडा उमटायच्या. पण चित्र भिंतीला टेकवून लांबून बघितलं की ती आमचीच नदी असायची, जलपर्णीसकट आणि फेसासकट. वरच्या शहरानं वापरून सोडलेलं पाणी आमच्या दारात येतं, त्याला दुसरा कुठला रंग असणार?

आप्पांचा स्टेशनजवळ फोटो स्टुडिओ होता. पंचक्रोशीतली निम्मी लग्नं त्यांच्या अल्बमात. घरोघरी मोबाइल आले आणि स्टुडिओचं शटर खाली आलं. त्याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. दुःख वेगळंच होतं.

"हयातभर नवऱ्या गोऱ्या करून दिल्या, बाई. एक पोरगी अल्बम बघून म्हणली, 'ही मी न्हाईच.' तिची सासू म्हणली, 'असू दे. गोरी दिसतीय ना!' पोरगी गप बसली. तवापास्नं ते मनाला लागलंय. आता जे हाय ते काढायचं."

रोज उजाडताच जुना कॅमेरा गळ्यात अडकवून ते घाटावर जात. मलाही एकदोनदा घेऊन गेले. मी नाकाला रुमाल लावून उभी, आणि हे गुडघ्यावर बसून फेसात उभ्या असलेल्या शेकाट्याचा फोटो काढतायत. लांब पायांचा तो पक्षी त्यांनी मला स्क्रीनवर असा दाखवला की जणू घरात नातू झालाय.

"पाय बघा, बाई! गुलाबी! एवढ्या घाणीत उभा हाय, पर ऐट बघा गड्याची!"

मी म्हणाले, "आप्पा, या वासात तुम्हाला रोज यावंसं वाटतं तरी कसं?"

"आवो, आजारी माणसालाच बघायला जात्यात. धडधाकट माणसाकडं कोण जातंय?"

असा आनंदी माणूस मी पुन्हा पाहिला नाही. म्हणून पुढचं लिहिणं माझ्या जिवावर येतं.

त्यांचा मुलगा सुनील गावातल्या एका पतसंस्थेत क्लार्क होता, पण हंगामी. वर्षानुवर्षं 'पुढच्या मीटिंगला बघू' यावर टांगलेला. पोरगा कायम नाही म्हणून सोयरीक जुळेना. आप्पा कुणापुढे बोलत नसत, पण त्या घराला तेवढा एकच घोर होता. एका रविवारी पतसंस्थेचे चेअरमन स्वतः माझ्या ओसरीवर आले. नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर त्यांना गावातल्या कलावंताचं चित्र हवं होतं. आप्पांचं नदीचं चित्र त्यांनी हातात धरलं, लांब केलं, जवळ आणलं.

"आप्पा, हात लई भारी हाय तुमचा. पर ही नदी हाय का गटार? घराघरांत लागणार हाय क्यालेंडर. जरा निळी करून द्या की. तुम्हाला काय, नवऱ्या गोऱ्या करायची सवयच हाय!"

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. चहा पिऊन उठताना चेअरमन चपला घालत म्हणाले, "आन् सुनीलचंबी औंदा बघू."

बस, एवढंच. धमकी नाही, आवाज चढवणं नाही. आमच्याकडे गळा असाच कापतात, चहाला छान म्हणून.

पुढच्या रविवारी आप्पा बरणी न घेता आले. म्हणाले, "बाई, नळाचं पाणी द्या." मी तांब्या आणून ठेवला. एका बैठकीत त्यांनी चित्र पुरं केलं. निळंशार पाणी, पांढरे बगळे, काठाला होडी. शिक्षिका म्हणून खरं सांगायचं तर इतका स्वच्छ हात त्यांनी कधीच चालवला नव्हता. ब्रश धुऊन त्यांनी चित्राकडे पाहिलं.

"असू दे. गोरी दिसतीय ना," ते म्हणाले.

कॅलेंडर घरोघरी लागलं. माझ्या स्वयंपाकघरातही होतं. दुधाचे खाडे मी त्याच निळ्या नदीखाली मांडत होते. सुनील कायम झाला, त्याचं लग्नही झालं. चेअरमन शब्दाला पक्के निघाले, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो. खोटे निघाले असते तर शिव्या तरी घालता आल्या असत्या.

आप्पा वर्गाला यायचे थांबले. मी घरी गेले तर कॅमेरा कपाटावर, बरणीत सुनेनं मीठ भरलेलं. म्हटलं, "घाटावर तरी जाता का?"

"न्हाई जात. तिच्याकडं कुठल्या तोंडानं जाऊ?"

मी खूप समजावलं. म्हटलं, पोरासाठी केलंत, कुणीही केलं असतं.

गेल्या हिवाळ्यात आप्पा गेले. दहाव्याला घाटावर मोठी गर्दी होती. पतसंस्थेनं श्रद्धांजलीचा फ्लेक्स बांधला होता. कोपऱ्यात हात जोडलेले चेअरमन, मधोमध आप्पा, आणि त्यांच्या मागे तीच निळी नदी. फ्लेक्सवाल्यानं आप्पांचा काळासावळा चेहरा पिठासारखा पांढरा करून टाकला होता.

सुनील बराच वेळ त्या फ्लेक्ससमोर उभा होता. मग हळूच मला म्हणाला, "बाई, हे आप्पा न्हाईतच."

मी काही बोलायच्या आत मागून चेअरमननी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे रे. उजळ दिसत्यात."

सुनील गप्प बसला. फ्लेक्सच्या मागून नदीचा वास येत होता.