लामाराने ‘हो’ लिहिलं

लामारा आयुष्यात कुणाला घाबरली असेल तर फक्त आपल्या सासूला, आणि तिलाही जाऊन बरीच वर्षं झाली. जॉर्जियातल्या गोरी शहराच्या वरच्या अंगाला, सफरचंदाच्या बागांमध्ये तिचं गाव. युद्ध झालं, रशियाचे सैनिक आले, आणि काही वर्षांनी त्यांनी गावाच्या मधूनच काटेरी तार ओढली. तारेच्या अलीकडे लामाराचं घर राहिलं. पलीकडे अर्धी बाग आणि नवरा. शोता तार यायच्या आधीच वारला होता आणि गावच्या जुन्या दफनभूमीत होता.

ईस्टरला लाल रंगवलेलं अंडं कबरीवरून लोळवायचं, पेल्यातली थोडी वाइन मातीत ओतायची आणि गेलेल्या माणसाला वर्षभराच्या बातम्या सांगायच्या, हे गावात सगळेच करतात. तार आल्यावर बाकीचे लांबूनच हात जोडू लागले. लामारा नाही. ओढ्याजवळ तार सैल होती, तिथून ती वाकून जायची आणि यायची. एकदा सैनिकांनी धरलं, रात्रभर कोठडीत बसवलं. सकाळी सुटताना त्यातल्या एकालाच दम भरून आली, “उद्या तुझी आई गेली की तिच्या कबरीवर कुणाला विचारून जाशील रे?”

तिची मुलगी नातिया इटलीत, बारी शहरात, एका म्हातारीला सांभाळायची. तिचा नवरा ट्रकवर, महिनोन्‌महिने बाहेर. तिला दिवस गेले, पहिलंच बाळंतपण, आणि तिने एवढंच सांगितलं, “आई, कळा सुरू होतील तेव्हा तू इथं हवीस.”

याआधी लामारा दोनदा जाऊन आली होती. विमानतळावर पासपोर्ट दाखवला की झालं. आता युरोपचा नवा नियम आला. व्हिसा पूर्वीसारखाच नको, पण निघण्याआधी फोनवरून अर्ज करून परवानगी घ्यायची. शेजारीण दोदो ग्रीसला मुलाकडे निघाली होती. तिला काही हे पटेना.

“म्हणजे दार उघडंच आहे, पण आत यायच्या आधी ‘येऊ का’ म्हणून ओरडायचं?”

“ओरडू की. घसा आहे,” लामारा म्हणाली, आणि दोघी गोरीच्या बाजारात मेराबच्या मोबाइलच्या दुकानात गेल्या.

मेराबने सकाळपासून अर्ध्या बाजाराचे अर्ज भरले होते. ‘नाही’ दाबायची त्याच्या बोटाला सवयच लागली होती.

“शिक्षा झालीय? नाही. कुठून हाकललंय? नाही. गेल्या दहा वर्षांत युद्धाच्या भागात गेलात? ना…”

“थांब. हे तुला कुणी सांगितलं?”

“मावशी, सगळे नाहीच लिहितात.”

“मी शोताकडे जाते की.”

“अहो, ते धरायचं नसतं. ते आपलंच गाव.”

“माझंच ना? मग गेले होते हे लपवू कशाला? चोरी केली?”

दोदो मध्ये पडली. “अगं बये, तिकडच्या साहेबाला तुझ्या शोताशी काय करायचंय? लिही नाही आणि चल.”

“तू लिही. तू कुठं गेलीस कधी? तारेपाशी उभी राहून आईच्या कबरीला हात हलवतेस.”

दोदोने तोंड फिरवलं. मेराबने कपाळाला हात लावला. “बरं, हो. आता विचारतंय, कुठल्या देशात?”

“जॉर्जिया.”

“मावशी, तुम्ही जॉर्जियाच्याच! मग मीसुद्धा रोज युद्धाच्या भागातून दुकानात येतो म्हणायचं.”

“येतोसच. तुला पत्ता नाही एवढंच.”

जाण्याचं कारण? तिने सांगितलं, त्याने टाइप केलं: ईस्टर, नवऱ्याला भेटायला.

ज्याने कुणी लांब बसून हा प्रश्न काढला, त्याच्या डोळ्यांपुढे बंदूक घेतलेला कुणी तरणाबांड असणार. अंडं घेऊन तारेखालून सरपटणारी म्हातारी त्याच्या खिजगणतीत असायचं कारण नव्हतं.

दोदोची परवानगी ती घरी पोचायच्या आत आली. लामाराचा अर्ज अडकला. नंतर निरोप आला, अधिकाऱ्याशी बोलावं लागेल, तारीख कळवू. तारीख लवकर येईना.

नातिया फोनवर कडाडली. “एक शब्द खोटा लिहिता आला नाही तुला? मी इथं म्हातारीला रोज सांगते, तू फार सुंदर दिसतेस म्हणून!”

“नातिया, ऐक…”

“नाही ऐकत. बाबा कुठं पळून जाणार होते? माझे दिवस भरत आलेत.”

फोन बंद झाला. 

अखेर तारीख आली. मेराबच्याच दुकानात, पडद्यावर एक बाई आणि तिच्या शेजारी दुभाषी.

“तिकडे तुम्हाला कोण घेऊन गेलं?”

“माझे पाय.”

“बरोबर हत्यार होतं?”

“विळा. कबरीवर गवत फार माजतं.”

बाईने अर्ज पुन्हा वाचला. मग सावकाश म्हणाली, “अर्जात ‘हो’ चुकून दाबलं गेलं का? तसं असेल तर आत्ता सांगता येईल.”

पडद्यामागून मेराब जोरजोरात मान डोलावून ‘हो, चुकून’ म्हणा असं खुणावत होता. लामाराला नातियाचा आवाज आठवला. 

“चुकून नाही,” ती म्हणाली.

“पुन्हा जाणार?”

“मुलीचं बाळंतपण उरकून आले की. ईस्टरला.”

परवानगी मिळाली. पण ती हातात पडेपर्यंत नातिया बाळंत झाली होती. दवाखान्यात तिच्या उशाशी खालच्या मजल्यावरची एक अनोळखी मोल्दोव्हाची बाई बसली होती.

बारीतल्या आपल्या खोलीचं दार नातियानेच उघडलं. तिने आईला मिठी मारली नाही.

“मी तुला हाका मारत होते,” ती म्हणाली. “नर्स विचारत होती, कोणाला बोलावतेय ही?”

लामाराने ‘चुकलं माझं’ म्हटलं नाही. तसं म्हणता आलं असतं तर ती वेळेवरच पोचली असती. तिने बॅग खाली ठेवली, मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, आणि बाळासाठी ते पुढे केले.

नातियाने थोडा वेळ बाळ दिलंच नाही. मग दिलं, आणि चपलांसकट पलंगावर आडवी होऊन झोपून गेली.