वाण हवं तर पूल ओलांडा

"ताई, औंदा हळदीकुंकू घरी नाही, पुलापलीकडे आहे. येजा," असा वहिनीचा फोन आला आणि मी दुसऱ्याच सकाळी नागपूरहून रायपूरची गाडी धरली. पुलापलीकडचं हळदीकुंकू कोण सोडतं हो!

जाणार असाल तर खिडकीची जागा आधीच राखून ठेवा, डोंगरगडची टेकडी बघायची असते. स्टेशनबाहेर ऑटोवाले अवाच्या सवा भाडं सांगतात. हसत घासाघीस करा, तेही हसतात. बुढापारा मोहल्ल्यात दादाच्या घरी पोचले तेव्हा तव्यावर तांदळाचा चिला होता, सोबत झणझणीत टमाटर चटणी. मी चार हाणले.

खातानाच सगळं कळलं. वहिनी नदीपलीकडच्या गावात शिक्षिका आहे. हायवेवरचा जुना पूल खचल्यामुळे त्यावरून आता फक्त दुचाक्या आणि पायी माणसं जातात. बस अलीकडेच थांबते. मोठ्या शाळेसाठी रायपूरला येणाऱ्या पलीकडच्या मुली एकेक करून घरी बसायला लागल्यात. आणि इथे राजधानीत वाद काय, तर एक पक्ष म्हणतो डागडुजी पुरे, दुसरा म्हणतो नवा पूल बांधू, पण पार वरच्या अंगाला, नव्या रस्त्याजवळ. तसं झालं तर त्या गावाची बस कायमची गेली.

गंमत अशी की दोन्ही पक्षांचे इथले पुढारी वहिनीच्याच गल्लीतले. त्यांच्या बायका एकमेकींशी बोलत नाहीत, पण वहिनीच्या हळदीकुंकवाला दोघी दरवर्षी न चुकता येतात.

"म्हून शाळेत ठेवलं," वहिनी म्हणाली. "हळदीकुंकवाले नाही म्हनता येत नाही नं कोनाले."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन गाड्या पुलाशी थांबल्या. दोघी रेशमी साड्या सावरत उतरल्या आणि चालायला लागल्या. वहिनी आणि मी मागेच होतो, मला तर उकळ्या फुटत होत्या. अर्ध्यावर कठडाच नव्हता. खाली पाणी दिसत होतं. तेवढ्यात एक मोटारसायकल गेली आणि पायाखालचा पूल हलला. पहिलीनं दुसरीचा हात गच्च धरला.

"दीदी, ये रोज हिलता है क्या?" तिनं वहिनीला विचारलं.

"हव," वहिनी शांतपणे म्हणाली.

शाळेत कुंकू लागलं, तिळगूळ झाला, वाण मिळालं. घरी बसलेल्या मुलींनीच सगळ्यांना अत्तर लावलं. परत येताना दोघी हात सोडायला तयार नव्हत्या. त्या रात्री गल्लीतल्या दोन घरांत काय बोलणं झालं देव जाणे, पण मी निघायच्या आत दोन्ही पुढाऱ्यांनी एकाच निवेदनावर सह्या केल्या: पूल नवाच, आणि जागा हीच. दादानं सदर बाजारातून जिलबी आणली. मी आनंदानं अक्षरशः नाचले.

नागपूरला परतून बरेच महिने झाले. काल वहिनीचा फोन आला. मंजुरी मिळाली, जुना पूल पाडायला घेतला.

"मग तू शाळेत कशी जातेस?"

"जात नाही, इथंच राहून राहिली. शाळेमागं खोली घेतली. तुमचे दादा तिकडे जळक्या पोळ्या खाऊन राहिले."

 आपण नाचलो तेव्हा हे कुणाच्याच डोक्यात कसं आलं नाही? हळूच विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"मले होतं नं," ती म्हणाली. "त्यायले नव्हतं सांगितलं. नाहीतर तुमच्या दादानं हळदीकुंकू घरीच ठेवाले लावलं असतं."