तपासणी चालू असलेले तीन कॉम्प्युटर

माझे रत्नाकरमामा जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात जन्मभर तपासनीस होते. एकाच साच्यातून निघालेल्या दोन लोखंडी नटांपैकी एक नापास करणं हेच त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर ते पोळ्या तपासू लागले आणि मग आम्हा भाच्यांना. त्यामुळे घरच्या जुन्या कॉम्प्युटरला नवं विंडोज पेलेनासं झालं तेव्हा मला हायसंच वाटलं. चला, मामांना दुसरं गिऱ्हाईक मिळालं.

जबलपुरातल्याच नेपियर टाउन भागातला दुरुस्तीवाला म्हणाला, "अंकल, लिनक्स डलवा लो. मुफ्त है. उबंटू, मिंट, डेबियन, कोई भी चलेगा. सब एक जैसे हैं."

सब एक जैसे! मामांना ते शिवीसारखं लागलं. माल शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय फरक कळत नाही, म्हणून त्यांनी आणखी दोन जुने कॉम्प्युटर मागून आणले. त्यातला एक माझा होता. तिन्हींत लिनक्सचे हे तीन प्रकार टाकले, कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले आणि प्रत्येकाला लाल चिठ्ठी बांधली : तपासणी चालू. असा माल कुणी वापरायचा नसतो. आम्ही पलंगावर बसून जेवू लागलो.

पंचाईत शैलजामामीची झाली. तिची थोरली बहीण भानुमतीमावशी अमरावतीला असते. मावशीला जन्मापासून ऐकू येत नाही. दोघी लहानपणी स्वतःच बनवलेल्या खुणांनी बोलतात, दर रविवारी दुपारी, कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल लावून. मोतीबिंदूमुळे मोबाइलवर मामीला तिची बोटं दिसत नाहीत. त्यात मावशीची तब्येत अलीकडे फार उतरली होती.

"एकाची तरी चिठ्ठी सोडा ना," मामी म्हणाली. "ताई वाट पाहून राहिली असंल."

"तपासणी झाल्याशिवाय नाही. बोलता बोलता बंद पडलं तर जबाबदार कोण?"

मदतीला मामांचे कारखान्यातले जोडीदार मुरलीधर धाबे रोज येत. दोघांनी पडद्यावरच्या चित्रांमधलं अंतर व्हर्निअरची बारीक मोजपट्टी लावून मोजलं. उबंटूचं घड्याळ वर, मिंटचं खाली. दोन्ही जुळतात का हे पाहत अख्खी दुपार बसले. जुळली, म्हणून दोघांचंही तोंड उतरलं. डेबियनमध्ये तर दोषच सापडेना. दोष सापडला नाही म्हणजे तपासणीच नीट झालेली नाही, असं धाबेकाकांचं मत पडलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

रविवार येत होते, जात होते. भाजी ढवळताना मामीचा डावा हात हवेत काहीतरी सांगत असायचा. ते पाहून माझा जीव तुटायचा आणि मामांचा संताप यायचा.

एका रविवारी दोघे तपासनीस सोनाराचं भिंग आणायला सराफ्यात गेले. मामीने विळी घेतली आणि तिन्ही चिठ्ठ्या कापल्या. जो कॉम्प्युटर आधी उजळला त्यावर मी कॉल जोडून दिला. तो कोणता, हे मी पाहिलंसुद्धा नाही.

पडद्यावर मावशी आली. इस्त्रीची साडी, आणि अंगात काही उरलेलं नाही. तिचे हात भराभर चालू लागले. मामी रडत होती, पण उत्तर देण्यात तिचेही दोन्ही हात गुंतलेले, डोळे पुसणार कशाने?

"काय म्हणते मावशी?" मी विचारलं.

"म्हणून राहिली, सून सांगत होती तिकडचा कॉम्प्युटर बिघडला. तरी मी दर रविवारी साडी बदलून इथंच बसत होती."

दारात मामा उभे होते, हातात भिंग. "चिठ्ठ्या कुणी कापल्या?"

मावशीने त्यांना पडद्यातून पाहिलं आणि हाताने काहीतरी विचारलं.

"ताई विचारते, एवढे दिवस काय बिघडलं होतं," मामी त्यांच्याकडे वळून म्हणाली. "काय सांगू तिला?"

"सांगा वहिनी, की फरक अजून..." धाबेकाकांनी सुरुवात केली. मामांनी भिंग त्यांच्या हातात देऊन त्यांना गप्प केलं.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बहिणींची एकही खूण मामा शिकले नव्हते. ते पुढे आले, चेहरा पडद्यात मावेल इतके वाकले आणि त्यांनी स्वतःचे दोन्ही कान धरले.

मावशीने एक छोटीशी खूण केली. मामीने तिचा अर्थ आम्हाला सांगितला नाही. नुसती स्वतःची खुर्ची सरकवून मामांना शेजारी बसायला जागा करून दिली.