बॉनेटवरची विभूती
दसरा दोन दिवसांवर आला होता आणि आमच्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर ओरखडे होते. लातुरात गॅरेजवाले पुष्कळ, पण मी मास्तर माणूस, कुणाचं ऐकतोय! टच-अपच्या रंगाची बाटली आणली, ओरखडे भरले. रंगाचे फुगवटे राहिले म्हणून तीन बोटांखाली पॉलिश पेपर दाबून धरला आणि आडवा घासत सुटलो.

बायको म्हणाली, "अहो, लई घासायलात."

"तुला न्हाई कळायचं," मी म्हणालो.

पाणी मारून पुसलं, वाळू दिलं आणि बघतो तर रंगावरचा चकचकीत थरच गेलेला! बोटं दाबली तिथं तीन आडवे पांढुरके पट्टे. बायको हसत हसत पायरीवरच बसली. तिला बघून मलाही हसू आवरेना.

आमच्यात दसऱ्याला गाडीलाही विभूतीचे तीन पट्टे ओढतात. त्या दिवशी आई विभूतीची वाटी घेऊन आली, बॉनेटपाशी थबकली, पदर सावरून हात जोडले आणि म्हणाली,

"माझ्या आधीच कुणी लावली रे? इतकी सरळ मला कधी जमली न्हाई."