आधी माझी मान

बीडचे आमचे सोनोग्राफीवाले डॉक्टर यंत्र आधी स्वतःच्या मानेला लावत. "आधी माझी मान, मग तुमची," म्हणत ते पडद्यावरचे तीन काळे ठिपके दाखवीत. "हे बघा, ज्वारीचे दाणे. इथूनच हातात नसा उतरतात." घरोघरी रंगीत टीव्ही येऊ लागले होते; त्यांच्या करड्या पडद्यासमोर मात्र भलेभले बिचकत.

सोनोग्राफी म्हणजे पोटुशीची तपासणी, एवढेच तेव्हा लोकांना ठाऊक. सिरसाळ्याच्या स्टँडवर मित्राने मला हटकलेच, "का रं, कितवा महिना चालू हाय?" मी हसलो, हात मात्र खिशात घातला. गरम चहाने करंगळी भाजली होती आणि फोड दिसेपर्यंत मला कळले नव्हते. एका रोगाचे नाव मी मनातही उच्चारीत नव्हतो. बहिणीची सोयरीक ठरलेली. दोष मानेतच निघो, म्हणून वाटभर वैजनाथाला विनवीत होतो.

मान निर्दोष निघाली. यंत्र दंडावरून कोपराकडे सरकले आणि तिथेच थांबले. त्यांनी दुसरा हात पाहिला, पुन्हा पहिल्याकडे आले. "कोपरापाशी नस जाड झालीय. कुष्ठाची शंका आहे. चामडीच्या डॉक्टरांकडून पक्कं करून घेऊ. गोळ्यांनी बरं होतं."

"बाहेर अण्णा बसलेत," मी कुजबुजलो. "त्यांना मानेचंच सांगा."

"मग घरच्यांना कोण तपासणार?" म्हणत त्यांनी माझ्या वडिलांना आत बोलावले.

ऐकताच अण्णांनी खुर्ची मागे सरकवली. "डॉक्टरसाहेब, पोरीचं लगीन हाय हो."

डॉक्टर रागावले नाहीत. माझ्या दंडावरची जेली त्यांनी उघड्या तळव्याने निपटली. मग पायानेच ओढून अण्णांची खुर्ची माझ्याशेजारी आणली. "भ्यायचं तर उशिराला भ्या, अण्णा. पोराला नाही."

गोळ्यांनी रोग गेला. बहीण सुखाने नांदली. डॉक्टर आता नाहीत. पन्नाशी ओलांडली तरी माझी भीती पुरती गेलेली नाही. रोज संध्याकाळी तो बधिर हात उजेडात धरून जखमा शोधतो. ही सवय डॉक्टरांनीच लावलेली.

त्या दिवशी परतीच्या एसटीत अण्णा खिडकीबाहेर पाहत होते. यांनी मला टाकले, असेच मी धरून चाललो होतो. बापाविषयी इतका हलका विचार मी कसा केला, हे आजही मला उमगत नाही. केव्हातरी माझी नजर खाली गेली. त्यांनी माझी करंगळी मुठीत घट्ट धरली होती. केव्हापासून, ते मला कळलेच नव्हते.