पिंपातली पुस्तकं

महिपत मास्तर माझे शेजारी. आमचं गाव दिवेआगरहून आत, म्हसळ्याच्या रस्त्याला. मास्तर प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले, पत्नी आधीच वारली होती. घरात त्यांच्या सोबतीला जुन्या सचित्र पुस्तकांनी भरलेलं एक कपाट होतं. शिळाप्रेसवर छापलेली, पाठीवर सोनेरी अक्षरं असलेली, रंगीत चित्रांवर झिरझिरीत कागद लावलेली पुस्तकं. मुंबईचे रद्दीवाले आणि बंद पडलेली वाचनालयं धुंडाळून त्यांनी ती जमवली होती. मी पतसंस्थेत हिशेब सांभाळणारा माणूस, मला त्यातलं फारसं कळत नाही. पण पक्ष्यांच्या चित्रांचं पुस्तक दाखवायच्या आधी मास्तर मला हात धुऊन यायला लावत, हे आठवतं. "ही आवृत्ती पुन्हा निघायची नाही," असं म्हणत.

त्यांचा धाकटा भाऊ बुधाजी भातशेती करतो. त्याचं घर कौलारू, मास्तरांचं स्लॅबचं. २०२० च्या जूनमध्ये वादळाची सूचना आली, तेव्हा बुधाजीने बियाण्याचं पिंप हातगाडीवरून मास्तरांकडे आणून ठेवलं. आत वडिलांच्या वेळेपासून राखलेलं तांबड्या भाताचं बी होतं. गावात ते आता फक्त त्याच्याकडेच उरलं होतं. रोपं वाढवायचा राब भाजून तयार होता, पेरणी तोंडावर होती.

"दादा, तुझ्याकडं काय पानी यायचं न्हाय," तो म्हणाला.

वादळात मास्तरांच्या खिडकीची तावदानं फुटली आणि पाऊस थेट कपाटावर येऊ लागला. घरात घट्ट झाकणाचं म्हणावं असं ते पिंपच होतं. मास्तरांनी बी गोणत्यांत ओतलं आणि पिंपात पुस्तकं भरली. गोणत्या जमिनीवर राहिल्या. मग दाराखालून पाणी आत आलं.

पुढे काही दिवस बुधाजी आपली कौलं शोधण्यात आणि पडलेल्या पोफळी उचलण्यात गुंतला होता. बियाणं कसं आहे, म्हणून त्याने निरोप पाठवला. मास्तरांनी उलट निरोप दिला, "ठीक आहे." तोवर भाताला मोड आले होते. मास्तरांनी ते गुपचूप गच्चीवर उन्हात पसरलं. मोड करपले.

बुधाजी आणि त्याची बायको इंदूबाई पिंप न्यायला आले, त्या वेळी पंचनाम्याबद्दल विचारायला मी तिथेच होतो. बुधाजीने गोणतीत हात घातला, एक दाणा नखाने फोडला.

"कवा भिजलं हे?"

"वादळाच्या दिवशी."

"मंग तवाच सांगायचंस की रं! मोडाचंच फेकलं असतं राबात. उगवलं असतं."

इंदूबाईने पिंपाचं झाकण उघडलं. वरच पक्ष्यांचं पुस्तक होतं, कोरडं ठणठणीत.

"बरं झालं हो दादा," ती म्हणाली, "पाखरं तरी वाचली. दानं गेलं ते गेलं."

त्या वर्षी बुधाजीने दुकानातलं सुधारित बी पेरलं, आणि पुढेही तेच. भावाला तो एका शब्दाने बोलला नाही. गाव मात्र बोललं. "मास्तर, यंदा पुस्तकं पेरलीत का?" असं कुणी पारावरून विचारलं की मास्तर हसल्यासारखं करत आणि पावलं उचलत. पुण्याचे एक गृहस्थ मुद्दाम संग्रह बघायला आले होते. मास्तरांनी त्यांना दारातूनच सांगितलं, "विकली सगळी." कपाट त्यांच्या पाठीमागेच होतं.

गेल्या वर्षी पेरणीच्या आधी पुन्हा वादळाची सूचना आली. मास्तरांनी सकाळीच कपाट रिकामं केलं, पुस्तकं पलंगावर टाकली, खोलीत विटा मांडून वर कपाटातली फळी ठेवली. मग मला म्हणाले, "चला जरा बुधाजीकडे. माझी कंबर धरते, हातगाडीला तुमचा हात लागेल."

इंदूबाईने चहा दिला. मास्तर म्हणाले, "बियाण्याचं पिंप दे. या वेळी वर ठेवतो, फळीवर."

बुधाजीने बशीतला चहा आधी संपवला. "राहू दे दादा. शेजारच्या रावजीकडं ठेवलंय."

"रावजीचं घर पत्र्याचं आहे रे."

"व्हय," बुधाजी म्हणाला. "पन ठेवलंय."

इंदूबाईने बिस्किटं पुढे केली. मास्तरांनी एक घेतलं, हातातच धरून ठेवलं.

परतताना रिकामी गाडी मीच ढकलत होतो. मास्तर चार पावलं मागे राहिले होते. समोरून कुणी आलं की ते वाकून चपलेचा पट्टा नीट करायला लागत.